सोडलेली झाडं

१

त्या वसंतात मी इतका थकलेला होतो की पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मला भीती वाटली नाही. बरं वाटलं.

आमचं काम मधाचं. रानातल्या जिवंत पाइनांच्या खोडात, दोन-तीन माणसांच्या उंचीवर, ढोल्या कोरलेल्या असतात. ढोलीच्या तोंडावर फळी, फळीला माशांपुरती फट. बर्फ वितळलं की कंबरेला दोर घालून चढायचं, फळी काढायची, थंडीत मेलेल्या माशा, बुरशी, उंदरांची घाण खरवडायची, काळं पडलेलं पोळं कापायचं, फळी पुन्हा ठोकायची आणि उतरायचं. मग पुढचं झाड. अशी पासष्ट झाडं, जूनअखेरच्या संत योहानाच्या सणाच्या आत. मेण देवळाला, मधाचा मोठा वाटा मुलखाच्या सरदाराला, उरलेला मध शहरातल्या गोड रोट्या भाजणाऱ्यांना.

रान माझ्या सासऱ्यांचं, ऑर्टलीबमामांचं. मी कोळसा पाडणाऱ्याचा मुलगा, घरजावई म्हणून आलो. लग्नाच्या दिवशी मामा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "डीटमार, कोळशातून मधात आलास, तोंड तरी धुऊन यायचंस." सगळं आल्टेनरोड गाव हसलं होतं, मीही हसलो होतो. मामा, माझा मेव्हणा आणि मी असे तिघे चढायचो. मग मेव्हणा तापाने गेला. दुसऱ्या वर्षी मामांचा दोर तुटला. खाली पडले ते कंबरेपासून पाय गेलेच. उरलो मी एकटा. आमच्याकडे नियम असा, की झाडाला घरच्या चढत्या माणसाचेच हात लागले पाहिजेत. भाडोत्री माणूस चढवला की रान गेलं.

त्या दिवशी दलदलीजवळचं झाड राहिलं. खाली उभा राहून मी वर बघितलं, गुडघ्याने नाही म्हटलं, आणि मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोचलो तर बुंध्याशी मेलेल्या माशांचा ढीग पडला होता. काळ्या पोळ्याचे तुकडे, ताजा भुसा. वर फळी नीट ठोकलेली. काम झालेलं होतं.

२

हे काम शेजारच्या हार्टुंगचं, असं मी धरून चाललो. त्याचं रान ओढ्यापलीकडे. माणूस जाडा, हसरा आणि आळशी, पण चुकून आमच्या झाडावर चढला असेल. रविवारी देवळाबाहेर त्याला विचारलं.

"मी?" तो पोट धरून हसला. "माझी स्वतःची झाडं होत नाहीत, तुझी कशाला करू? तुला चढलीय की काय सकाळी सकाळी?"

त्या आठवड्यात आणखी एक झाड सोडलं. झोप आवरेना म्हणून सोडलं, असं तेव्हा मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं. ते झाड झालं. मग दोन सोडली. दोन्ही झाली.

मी वर चढून तपासलं. ढोली आतून स्वच्छ, वाकसाचे, म्हणजे खरवडायच्या वाकड्या पात्याचे, घाव आखूड आणि तिरपे. फळीच्या खालच्या फटीत शेवाळ कोंबलेलं. शेवाळ कोंबायची सवय आमच्या रानात एकाच माणसाची होती. मी कितीदा त्यावरून बोलणी खाल्ली होती. "वारा आत शिरतो रे कोळशा, माशा काय तुझ्यासारख्या निबर कातडीच्या आहेत?"

मी फांदीला टेकून बराच वेळ विचार केला. मामांनी शिकवलेला आणखी कोणी असेल. माझा मेव्हणा मेलेला, मी स्वतः पुरलेला. मीच झोपेत येऊन करत असेन? पण मी रात्रभर इर्मेलशेजारी असतो, आणि तिची झोप इतकी सावध की मी कूस बदलली तरी ती विचारते, काय झालं. खोडाच्या सालीवर दोराचा काच होता. पण पायांचा ओरखडा कुठेच नव्हता. चढणारा माणूस टाच रोवतो, साल उडते. इथे साल खालपासून वरपर्यंत जशीच्या तशी होती.

तेवढ्यावर मी विचार करायचं थांबवलं. त्या दिवशी दुपारीच घरी गेलो, आणि कितीतरी महिन्यांनी ऊन असताना झोपलो.

३

आमचं घर म्हणजे एकच मोठी खोली. चुलीच्या उबेला मामांचा पलंग, भिंतीकडे तोंड करून. माझी बायको इर्मेल दिवसभर मेण गाळते आणि बापाचं करते. पुसणं, कूस बदलणं, लापशी भरवणं. दोन वर्षांत तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं, पण त्या महिन्यात ती मला म्हणाली, "अहो, बाबांचं काहीतरी होतंय."

"काय होतंय?"

"दुपारी डोळा लागतो त्यांचा. मग श्वास असा लागतो... तुम्ही झाडावरून उतरता ना, तसा. आणि नखांनी पलंगाची कड खरवडतात. थांबतच नाहीत. घामाने अंथरूण भिजतं."

"म्हातारपण आहे."

"म्हातारपणाने हात सोलतात का?"

तिने मला त्यांचे तळवे दाखवले. दोन वर्षं पलंगावर असलेल्या माणसाचे तळवे मऊ पडलेले असायचे. यांच्या तळव्यांना फोड आले होते, फुटले होते, पुन्हा आले होते.

संध्याकाळी ती पाण्याला गेली तेव्हा मामांनी मला हाक मारली. "जावईबापू, बस जरा."

बसलो.

"ओढ्याकाठची तीन का सोडलीस?"

मी कुठली झाडं केली, कुठली राहिली, हे घरात कधीच बोलत नसे.

"कोण म्हणालं सोडली?"

"माझे खांदे म्हणाले." ते हसायला गेले आणि खोकले. "तू सोडलंस की इथे पडल्यापडल्या मला कळतं. कसं कळतं विचारू नको, मलाही ठाऊक नाही. डोळा लागतो आणि दोर हातात येतो. चाळीस वर्षं चढलो रे मी, हौसेने चढलो. पण आता पाय नाहीत. नुसत्या हातांवर वर जायचं म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?"

"स्वप्न पडत असेल, मामा."

"असेल. मग त्या स्वप्नातून मला सोडव." त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून चढत्या माणसाची होती. "एकही झाड सोडू नको. कण्हत कर, रडत कर, मला शिव्या घालत कर. पण सोडू नको."

मी शब्द दिला.

तो चार दिवस पाळला. पहाटे निघायचो, अंधार पडता परत यायचो. मामा दुपारभर शांत झोपायचे, इर्मेलचा चेहराही उजळला. पाचव्या दिवशी पाऊस लागला, साल निसरडी झाली, गुडघा सुजला. संत योहानाचा सण तीन आठवड्यांवर होता आणि एकतीस झाडं बाकी. तोवर झाली नाहीत तर मधवाल्यांचे पंच रान काढून घेणार होते. मी मनाशी म्हणालो, दोनच सोडू. सण झाला की संपलं, मग एकही नाही. रान राहिलं तर म्हाताऱ्यालाच खायला मिळणार आहे ना?

दोनाची चार झाली. चाराची सहा.

मामांनी पुन्हा विचारलं नाही. मी घरात आलो की ते भिंतीकडे बघत. ते दोन आठवडे मी त्या घरात कोणाच्याही नजरेला नजर न देता जेवलो.

४

सणाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी निघताना इर्मेल जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडत होती.

"हे कशाला?"

"बाबांचे हात बांधणार आहे. हसू नका. नखं उपटलीत दोन. मऊ बांधीन, रक्त अडणार नाही असं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं," आणि रोटी घेऊन बाहेर पडलो.

दलदलीच्या बाजूची पाच झाडं मी आदल्या दिवशी सोडली होती. मुद्दाम तिकडे फिरकायचं नाही असा माझा नेम होता. झालेलं काम बघायला मी आता एक दिवस मध्ये जाऊ देऊनच जायचो, तेही घाईत, जसं ज्याच्याकडून उधार घेतलंय त्याच्या घरासमोरून कोणी जातं. पण त्या दिवशी वाकस तिकडेच विसरलो होतो. दिवस चांगला वर आला होता. रानात ऊन होतं, कोकीळ ओरडत होती, अंगावर घाम होता. भिण्यासारखं काही नव्हतं.

आधी आवाज ऐकला. वाकस चालतो तो खर्र-खर्र नव्हे. काहीतरी सालीवर घासत होतं. घासायचं, थांबायचं. मग धप्प. मग पुन्हा घासायला लागायचं.

मी एका झाडाआड उभा राहिलो.

पुढच्या पाइनावर, माणूसभर उंचीवर, कोणीतरी होतं. माझ्याकडे पाठ. अंगात रात्रीचा पांढरा सदरा. पाय खाली लोंबत होते, वाऱ्याने हलावेत तसे हलत होते, एकमेकांवर आपटत होते. दोन्ही हात मनगटांशी पांढऱ्या पट्टीने एकत्र बांधलेले. त्या बांधलेल्या हातांनी खोड कवळता येत नव्हतं. म्हणून ते कोपरं सालीत रुतवत होतं, आणि हनुवटी. हनुवटी रोवून वीतभर वर, मग कोपरं, मग पुन्हा हनुवटी. वीतभर चढलं की हातभर घसरायचं. बुंध्याशी पडायचं, धप्प. आणि पुन्हा सुरू.

किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही. ओरडलो नाही. चेहरा दिसला नाही. दिसू नये म्हणून मीच मान खाली घातली. मान वर केली तेव्हाही ते घासणं चालूच होतं.

मग मी घराकडे पळालो.

५

इर्मेल दारातच मेण ढवळत होती. तिला बाजूला सारून आत गेलो आणि पट्ट्या सोडायला लागलो. गाठी सुटेनात, दातांनी तोडल्या.

"अहो, काय करताय? मघाशीच डोळा लागलाय त्यांचा!"

"म्हणूनच."

ती वाकली आणि तिने बापाचं तोंड आपल्याकडे वळवलं. हनुवटीची कातडी गेली होती. दाढीत सालीचे कण होते.

ती माझ्याकडे वळली. मी तिला सगळं सांगेन असं वाटलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मी झाडं सोडत होतो." ती पलंगाच्या कडेला बसली. मला वाटतं, तिला बरंच आधीपासून कळलं होतं, फक्त माझा हात त्यात आहे हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग इथे कशाला उभे आहात?"

मी परत गेलो. त्या झाडाखाली आता कोणी नव्हतं. वर चढलो, खरवडलं, फळी ठोकली, शेवाळ कोंबलं. पाचही केली. त्यानंतर सणापर्यंत एकही सोडलं नाही. शेवटच्या दिवशी बोटं मिटत नव्हती, इर्मेलने मला घास भरवला, एकाच पळीने आधी बापाला, मग मला.

मामा सणानंतर अकरा दिवस जगले. त्या अकरा दिवसांत त्यांनी हात हलवला नाही. शेवटच्या सकाळी मला म्हणाले, "बरं झोपलो रे." दुपारी गेले.

६

शरदात, संत मायकेलच्या सणाला, पंच बसतात. गावातल्या मोठ्या लिंडेन झाडाखाली बारा जण, मध्ये त्यांचा म्हातारा मुखिया. रान ज्याच्या नावावर त्याने पुढे यायचं, हात वर करायचा आणि म्हणायचं: या झाडांना माझ्याखेरीज कोणाचा हात लागला नाही. घरात आणखी कोणी चढत असेल तर त्याचं नाव जोडायचं. वाक्य एवढंच. वर्षानुवर्षं लोक जांभई देत म्हणतात.

इर्मेलने आदल्या दिवशी माझा सदरा धुतला होता. "काय म्हणाल?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही."

"म्हणालात तरी मी काही बोलणार नाही. नाही म्हणालात तरी नाही बोलणार."

माझी पाळी आली. हात वर केला. वाक्य अर्ध्यावर आलं आणि मला ती हनुवटी दिसली.

"लागला," मी म्हणालो.

मुखियाने कान पुढे केला. "काय लागला?"

"हात. माझ्याखेरीज दुसऱ्याचा."

"भाडोत्री?"

"नाही. त्याला काहीच दिलं नाही."

"मग कोण चढलं तुझ्या झाडांवर?"

"ऑर्टलीब."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मुखिया हसला नाही. तो पुढे झुकला आणि मऊपणाने म्हणाला, "डीटमार, तो दोन वर्षं उठला नव्हता. थकला आहेस तू. सरळ वाक्य म्हण आणि घरी जा."

मी म्हटलं नाही. मुखियाला नियमापुढे दुसरा रस्ता नव्हता, वाक्य नाही तर रान नाही. घर आमच्याकडे राहिलं, रान हार्टुंगला गेलं. मी परत कोळशाला लागलो. इर्मेलने त्या रात्री एवढंच विचारलं, उद्यापासून रोटी किती वाजता लागेल.

आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. म्हातारा मातीत होता, झाडं दुसऱ्याची होती, संपलं होतं.

७

पुढच्या वसंतात हार्टुंग भट्टीवर कोळसा न्यायला आला. पाठीला पट्टा बांधलेला, तोंडभर हसू.

"तुझं रान मोठं गुणी आहे हं, डीटमार!"

"का?"

"अरे, पाठ धरली माझी. दहा दिवस आडवा होतो. दलदलीकडची बावीस झाडं तशीच पडली होती. काल बघायला गेलो, तर सगळी साफ! पोरांना विचारलं, ती म्हणतात आम्ही नाही. शेवाळसुद्धा कोंबलंय, बोल!" तो वाकून कानाशी आला. "मी म्हटलं, होतंय ते होऊ द्यावं. देवदूत असेल तर त्याला कशाला टोका?"

मी फावडं खाली ठेवलं. "सोडू नकोस," मी म्हणालो. "हार्टुंग, एकही झाड सोडू नकोस. तुझी पोरं लाव, रात्रंदिवस कर, पण सोडू नकोस."

"अरे वा!" तो खदखदून हसला. "स्वतःला रान राखता आलं नाही, आता माझं सुख बघवेना होय?"

घरी येऊन इर्मेलला सांगितलं. ती चुलीपुढे बसून होती. बापाचा पलंग तिने हिवाळ्यातच फोडून जाळला होता, ती जागा रिकामी होती. तिकडे बघत ती म्हणाली, "मेल्यावरही?"

"बावीस झाडं."

दुसऱ्याच्या झाडावर चढताना सापडलं तर उजवा हात जातो. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे त्यावर बोललो नाही. सकाळी उठलो तेव्हा ती शाल बांधून दारात उभी होती आणि खांद्यावर दोर होता.

आता दर वसंतात जातो. हार्टुंग उशिरा उठतो आणि दर वर्षी जास्त झाडं सोडतो. तो आपल्या देवदूतावर खूश आहे. दुसऱ्या बाजूच्या रानांतल्या दोघा-तिघा मधवाल्यांनीही अलीकडे हात आखडते घेतले आहेत असं ऐकतो. कोणी काय सोडलं ते शोधत आम्ही फिरतो. उजाडताच पोचायचं आणि माणसं रानात यायच्या आत निघायचं. मी चढतो, ती खाली दोर धरते. मी पन्नाशीला आलो, गुडघा वाकत नाही, आणि सगळ्या झाडांना आम्ही पुरत नाही.

म्हणून कधी कधी उशीर होतो. पोचतो तेव्हा बुंध्याशी आधीच चार-दोन मेलेल्या माशा पडलेल्या असतात, आणि वरून तो घासण्याचा आवाज येत असतो. मी थबकतो. इर्मेल थबकत नाही. ती पुढे होते, वर न बघता खोडाला तळवा लावते आणि म्हणते, "बाबा, उतरा आता. आम्ही आलोय."

मग वडीलधाऱ्याला वाट द्यावी तशी ती शाल सावरून बाजूला होते आणि मान वळवते. मीही वळवतो. आवाज थांबतो. आमच्या मधून काहीतरी जमिनीवरून ओढत गेल्यासारखी गवताची सळसळ होते, दलदलीच्या दिशेने लांब जाते.

ती संपली की इर्मेल माझ्या कंबरेला दोर बांधते. "चढा," म्हणते, "अजून सात राहिलीत."